रिपोर्ट बदलला म्हणजे कुणी खोटं बोललं का?

देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ओळख पटेल असं सगळं काढून, थोडक्यात देते.

आई ५६ वर्षांची. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाचा एक व्हॉल्व्ह आखडला. गेलं वर्षभर चार पायऱ्या चढली की धाप, पायांवर सूज. छातीत दोनदा पाणी झालं, दोन्ही वेळा सुईने काढावं लागलं. मार्चमध्ये, शिमग्याच्या दिवसांत, घाटावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात योजनेतून ऑपरेशन होऊन कृत्रिम व्हॉल्व्ह बसवला. ऑपरेशन करताना सर्जनना छातीत दोन सुजलेल्या गाठी दिसल्या. त्या काढून तपासायला पाठवल्या. आठ दिवसांनी कच्चा रिपोर्ट आला: ‘लिम्फ नोडमध्ये एपिथेलियल पेशींचे पुंजके, मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर) नाकारता येत नाही, पुढच्या तपासण्या कराव्यात.’ तीन आठवड्यांनी पक्का रिपोर्ट आला: ‘सौम्य मेसोथेलियल पेशी, कॅन्सर आढळला नाही.’

घरात आता तीन पक्ष झाले आहेत. डोंबिवलीचा दादा म्हणतो, पहिला रिपोर्टच खरा. ताबडतोब पेट स्कॅन करा आणि धोका नको म्हणून केमो सुरू करा. काका म्हणतात, हॉस्पिटलने काहीतरी दडपलं. आत्याने देवळात कौल लावला, तो उजवा आला, त्यामुळे तिच्यापुरता विषय मिटला. गावात ‘गाठ निघाली’ एवढंच पोचलं आहे आणि धाकट्या बहिणीच्या स्थळाकडची मंडळी गप्प झाली आहेत. आईला कुणी काहीच सांगितलेलं नाही. ताई विचारतात: विश्वास कशावर ठेवायचा? आणि आईला सांगायचं का?

*

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात, कंसात लिहिली आहे. ‘रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, पण एप्रिलनंतर तपासणीला नेणं झालेलं नाही, आणि दादाने पाठवलेलं चूर्ण सुरू केल्यापासून गोळी एक दिवसाआड देतो.’

बाकी सगळं नंतर बोलू. हे आधी.

आईच्या व्हॉल्व्हसारख्या मेकॅनिकल कृत्रिम व्हॉल्व्हवर रक्त साकळू नये म्हणून ती गोळी आयुष्यभर असते. तुम्ही लिहिलं आहे की रात्री सगळं शांत झालं की आईच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते आणि तुम्हाला भीती वाटते. ती टिकटिक चांगली आहे. व्हॉल्व्हची पाती उघडझाप करतात त्याचा तो आवाज. गोळी कमी पडली आणि पात्यांवर गुठळी धरली, तर तो आवाज दबतो, धाप एकाएकी वाढते, किंवा गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जातो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, ते हेच. उलट गोळीचा असर जास्त झाला तर हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त, डांबरासारखी काळी शी. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे आणि ती आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवरच कळते. तुमच्या आईसारख्या, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या (मायट्रल) व्हॉल्व्हला तो आकडा साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. तिचा नेमका किती हवा ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल. नसेल तर विचारून लिहून घ्या.

तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये होते. हे वाचून झालं की उद्या सकाळी आईला घेऊन जा आणि त्याच दिवशी आकडा ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोनवर कळवा. डोस ते सांगतील. तुम्ही नाही, मी नाही, दादा तर नाहीच. वर सांगितलेलं काहीही दिसलं तर उद्याचीही वाट बघू नका, गाडी काढा. चूर्ण आजपासून बंद. त्यात काय आहे ते माहीत नाही. झाडपाल्याच्या औषधांतली काही या गोळीचा असर वाढवतात, काही कमी करतात, आणि डब्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिल्याने त्यातलं काहीच बदलत नाही.

कॅन्सरच्या भीतीपायी तुमच्या घराचं लक्ष ज्या धोक्यावरून उडालं आहे, तो हा. आता गाठींकडे येऊ.

*

मराठीत ‘गाठ’ या शब्दाने जेवढा घोळ घातला आहे तेवढा फार थोड्या शब्दांनी घातला असेल. कॅन्सरची ती गाठ, चरबीची गाठही गाठच, आणि लिम्फ नोडलाही आपण गाठच म्हणतो. लिम्फ नोड ही काही आजारातून उगवलेली वस्तू नव्हे. ती जन्मापासून प्रत्येकाच्या शरीरात असते, शेकड्यांनी. गळ्यात, काखेत, जांघेत, पोटात, छातीच्या मधोमध. त्यामुळे ‘छातीत गाठ निघाली’ या वाक्यात वाईट बातमी असेलच असं नाही. तशा गाठी माझ्याही छातीत आहेत आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत आहेत.

पायात काटा मोडून जांघेत अवधाण आलेलं तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. काटा टाचेत, दुखतं जांघेत. आजी म्हणायची, काटा काढा म्हणजे अवधाण आपोआप बसेल. आजीचं शरीरशास्त्र अगदी बरोबर होतं. पायातली घाण, जंतू, मेलेल्या पेशी लसीबरोबर (म्हणजे अंगात वाहणाऱ्या लिम्फ नावाच्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर) वाहत वर येतात आणि जांघेतल्या नोडमध्ये अडकतात. नोड म्हणजे गाळणी. खारबंधाऱ्याची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, असते ना, तसंच. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं आणि पाण्याबरोबर वाहून आलेलं सगळं तिथे तटतं. नारळाची सोडणं, पातेरा, कुणाची तरी चप्पल.

आता आईची छाती. व्हॉल्व्ह आखडल्याने रक्त मागे तुंबत होतं, म्हणून फुप्फुसाभोवती पाणी होत होतं. फुप्फुसावर आणि छातीच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं, तसंच हृदयाभोवतीही. त्या अस्तराच्या पेशींना मेसोथेलियल पेशी म्हणतात. पाणी साठून राहिलं, सुई टोचली, सूज आली, की त्या चवताळतात. वाढतात, गुच्छ करतात, सुटून पाण्यात पडतात. छातीच्या भिंतीकडच्या अस्तराला बारीक छिद्रं असतात. पाणी त्यांतून लसीच्या नळ्यांत शोषलं जातं आणि छातीच्या मधल्या नोडपर्यंत जातं. पाण्याबरोबर त्या पेशीही जातात आणि नोडच्या आतल्या पोकळ वाटांमध्ये अडकून बसतात. डॉक्टर ज्याला ‘सौम्य पेशींचं इन्क्लुजन’ म्हणतात ते हेच: एका घरची पेशी, दुसऱ्या घरात, कुणाला त्रास न देता. शिवाय हृदय थकलेलं असलं की छातीतले नोड नुसत्या तुंबण्यानेही सुजतात. म्हणजे गाठी सुजल्या का आणि त्यांत पेशी आल्या कशा, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर आईच्या जुन्या दुखण्यातच आहे.

हे फक्त छातीतच होतं असंही नाही. काखेतल्या नोडच्या सालीत त्वचेवरच्या तिळाच्या पेशी सापडतात, कधी स्तनाच्या ग्रंथीचा बारीक तुकडा. कानाखालच्या नोडमध्ये लाळग्रंथीचे अवशेष असतात, कारण गर्भात दोन्ही एकमेकांत मिसळूनच घडतात. बायकांच्या ओटीपोटातल्या नोडमध्ये गर्भनलिकेसारखी इवली नळी दिसते. ज्यांनी आयुष्यभर नोड कापून पाहिले त्यांना हे सगळे पाहुणे ओळखीचे असतात. ज्यांनी नाही पाहिले, त्यांना पहिल्या नजरेला ते चोर वाटतात.

मलाही वाटले होते. १९८० च्या दशकाच्या शेवटाला मी पॅथॉलॉजी शिकत होते. एक काच (स्लाइड) आली, सोबतच्या फॉर्मवर एवढंच: ‘छातीतला नोड, मेटास्टॅसिस?’ भिंगाखाली जांभळ्या बारीक लिम्फोसाइटांचं, म्हणजे नोडच्या स्वतःच्या पेशींचं, दाट रान, आणि त्यातल्या पांढऱ्या वाटांत गुलाबी, मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचे पुंजके. माझी खात्रीच झाली. पुस्तकात मेटास्टॅसिसचं चित्र असंच असतं. मी कागदावर ‘पॉझिटिव्ह’ लिहून सरांपुढे ठेवला. सरांनी काच पाहिली, बराच वेळ पाहिली आणि डोकं वर न करता विचारलं, “हिच्या छातीत पाणी होतं का?” मला माहीत नव्हतं. फॉर्मवर नव्हतंच. वॉर्डात फोन लावला. पाणी होतं. तीनदा काढलेलं. सरांनी माझा कागद घेतला आणि ‘पॉझिटिव्ह’ खोडलं. छातीतल्या या प्रकाराबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत लेख यायला लागले तेच मुळी १९९० च्या सुमारास. त्याआधी अशा किती बायकांना आपण फुकटचं घाबरवलं असेल याचा विचार मी आजही करत नाही. करवत नाही.

म्हणून काकांना सांगा, रिपोर्ट बदलण्याचा अर्थ दडपणं असा नसतो. दोन्ही रिपोर्ट पुन्हा वाचा. पहिल्यात ‘कॅन्सर आहे’ असं कुठेही नाही. ‘नाकारता येत नाही, पुढच्या तपासण्या कराव्यात’ असं आहे. आमच्या भाषेत त्याचा अर्थ ‘थांबा, मला अजून बघू द्या’ एवढाच. पेशी नुसत्या आकारावरून ओळखता आल्या नाहीत, म्हणून त्या डॉक्टरांनी घाई केली नाही. हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. माझी तक्रार असलीच तर ती वेगळी आहे: तो कच्चा कागद तुमच्या हातात कुणी समजावून न सांगता दिला. पण ते पॅथॉलॉजिस्टचं पाप नव्हे.

पुढच्या तपासण्या म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. नाव लांबलचक, काम सोपं. पेशींवर वेगवेगळी रसायनं टाकतात. जिच्यात ते विशिष्ट प्रथिन असेल ती पेशी तपकिरी होते, नसेल ती निळसरच राहते. पहिली असते सायटोकेरॅटिन. ती तुमच्या आईच्या पेशींत तपकिरी आली आहे, आणि दादाने इंटरनेटवर नेमकं तेवढंच वाचलं असावं. पण सायटोकेरॅटिन कॅन्सरच्या पेशीलाही लागते आणि अस्तराच्या साध्या पेशीलाही लागते. भेद पुढे होतो. तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलात ते बरं केलं: कॅल्रेटिनिन आणि डब्ल्यूटी-वन पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी अस्तराच्या. टीटीएफ-वन, क्लॉडिन-फोर, बेर-ईपी-फोर निगेटिव्ह, म्हणजे फुप्फुसातून किंवा दुसऱ्या अवयवातून आलेल्या ग्रंथींच्या कॅन्सरच्या नव्हेत. बीएपी-वन शाबूत. खाली एक ओळ आहे, ती माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची: पेशी फक्त नोडच्या सायनसमध्ये, म्हणजे त्या पोकळ वाटांमध्येच, आहेत, नोडची ठेवण मोडलेली नाही. वाहून आलेली वस्तू वाटेतच पडून राहते. कॅन्सर वाट सोडून घरात घुसतो, भिंती पाडतो. टीबीच्या खुणाही नाहीत असं लिहिलं आहे. आपल्याकडे छातीतली गाठ सुजली की आधी तोच बघावा लागतो.

एक गोष्ट मात्र दादाच्या बाजूने बोलते, कारण त्याची भीती अगदीच निराधार नाही. याच अस्तराचा एक कॅन्सर असतो, मेसोथेलिओमा. क्वचित होतो, पण होतो, आणि त्याच्या पेशींनाही कॅल्रेटिनिन लागते. बीएपी-वन गेलेलं असेल तर तो असण्याची शक्यता वाढते. शाबूत असेल तर कमी होते, पण शून्य होत नाही. त्याचं मोठं कारण म्हणजे ॲस्बेस्टॉसची धूळ, आणि ती आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत कधी ३०-४० वर्षं जातात. म्हणून आईला विचारा: लग्नाआधी किंवा नंतर मुंबईत असताना कारखान्यात काम केलं होतं का? वडील ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापायचे, बॉयलरवर होते, आणि त्यांचे धुळीने भरलेले कपडे ही धुवायची, असं काही? आपल्या चाकरमानी घरांत ही चौकशी कुणी करत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर ते डॉक्टरांना सांगा. ‘नाही’ आलं तर तेही सांगा. पॅथॉलॉजिस्टला फॉर्मवरच्या दोन शब्दांपलीकडे माहिती मिळाली की निदान पक्कं होतं, हे मी वर सांगितलंच.

*

आता दादाच्या दोन मागण्या.

पेट स्कॅन. या तपासणीत साखरेसारखं द्रव्य शरीरात सोडतात आणि ते जिथे जास्त शोषलं जाईल तो भाग चमकतो. कॅन्सर चमकतो, बरोबर. पण सूजही चमकते, टीबी चमकतो, भरत आलेली जखम चमकते. चार महिन्यांपूर्वी छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलं आहे. आत्ता स्कॅन केला तर छातीत काहीतरी चमकण्याची शक्यता चांगलीच आहे. मग त्या चमकेसाठी पुन्हा सुई. सुईसाठी रक्त पातळ करायची गोळी थांबवायची. आणि गोळी थांबवणं म्हणजे काय ते आपण सुरुवातीलाच बोललो. ठरलेल्या वेळी साधा सीटी स्कॅन पुन्हा करून गाठी उरल्या आहेत का, पाणी परत झालं आहे का ते पाहणं, हा माझ्या मते शहाणपणाचा रस्ता. कधी करायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील. व्हॉल्व्ह नीट चालत असूनही पाणी परत झालं, वजन उतरायला लागलं, छातीत सतत एका जागी दुखायला लागलं, तर प्रश्न नव्याने उघडायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

केमो. ‘धोका नको म्हणून’ हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी मला तेच आठवतं: पाऊस पडेल म्हणून कुणी आधीच घराचं छप्पर उतरवत नाही. केमो कुठल्या पेशीवर द्यायची ते ठरलेलं असावं लागतं. फुप्फुसाची वेगळी, स्तनाची वेगळी. तुकड्यावरचं निदान हातात नसताना कुठलाही कॅन्सरतज्ज्ञ ती सहसा देत नाही, आणि जो द्यायला तयार होईल त्याच्याकडे जाऊ नका. व्हॉल्व्ह बसवलेल्या बाईच्या रक्तातले प्लेटलेट केमोने खाली गेले तर काय होईल, हे दादाला एकदा शांतपणे विचारा. भांडून नको. तो लांब आहे, ऑपरेशनला जेमतेम दोन दिवस येऊ शकला असं तुम्हीच लिहिलं आहे. जे हाताने करता येत नाही ते माणूस पैसे पाठवून, चूर्ण पाठवून, स्कॅनचा आग्रह धरून करतो.

त्याला खरंच काहीतरी करायचं असेल तर एक काम आहे, आणि ते मुंबईतच होतं. काचा आणि ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पाहून घेणं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात, इतर मोठ्या हॉस्पिटलांतही जातात. आईला सहसा बरोबर न्यावं लागत नाही, तरी निघण्याआधी काय-काय लागतं याची चौकशी करून घ्या. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात रिपोर्टवरचा हिस्टोपॅथॉलॉजी नंबर सांगून लेखी अर्ज करा: स्लाइड, मेणाचे ब्लॉक, दोन्ही रिपोर्ट, आणि आधी छातीतून काढलेल्या पाण्याचा सायटोलॉजी (पेशींच्या तपासणीचा) रिपोर्ट. हा शेवटचा कागद सगळे विसरतात. त्या पाण्यातही हेच पुंजके दिसले असतील तर कोडं तिथेच सुटतं. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा आणि वर ठळक लिहा: छातीत दोनदा पाणी, व्हॉल्व्हचा आजार. ब्लॉक मेणाचे असतात, हे एसटीच्या खिडकीत किंवा गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवलेलं पाकीट मऊ झाल्यावर लोकांना आठवतं. काचा कापसात गुंडाळून, कडक डब्यात. पिशवीच्या तळाशी आंब्याच्या डब्याखाली नको.

दुसरं मत एकदा घ्यायचं. तेही पहिल्यासारखंच आलं तर तिथे थांबायचं. चौथ्या-पाचव्या मताला माणूस माहितीसाठी जात नाही, आपल्या भीतीशी जुळणारा कागद शोधायला जातो.

आत्याच्या कौलाबद्दल तुम्ही थोडं हसून लिहिलं आहे. मी हसणार नाही. उजवा कौल आला, तिला रात्री झोप लागली, त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. मात्र देवाने आयएनआर करू नका असं सांगितलेलं नाही, एवढं तिलाही मान्य होईल. तिलाच बरोबर घेऊन जा लॅबला. आई आत्याचं ऐकते असं पत्रावरून वाटतं.

बहिणीच्या स्थळाचं थोडक्यात. आईला जो आजार नाही तो लपवायचा प्रश्नच येत नाही. मध्यस्थाला सरळ सांगा, व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं, गाठी तपासल्या, साध्या निघाल्या. त्यावर ज्यांना थांबायचं असेल त्यांना थांबू द्या. आणखी खुलासे करत बसू नका.

*

आता आई.

तुम्ही लिहिता, ‘सांगितलं तर ती खचेल.’ आणि त्याच पानावर लिहिता की परवा विहिरीवरून आल्यावर ती म्हणाली, “माका काय झालाहा, ता माका सांगा.” ती खचलेली आहेच, ताई. चार महिने घरात कुणी तिच्या डोळ्याला डोळा देत नाही, फोन आला की सगळे मागच्या पडवीत जातात, काजू बियांच्या पोत्याला हात लावू देत नाहीत, आणि कसल्यातरी चुर्णाचा कडू घोट सकाळी पाजतात. कुठलीही बाई यावरून जे समजायचं ते समजेल. तुम्ही खरं लपवत नाही आहात. खऱ्यापेक्षा वाईट असं काहीतरी तिला न बोलता सांगता आहात.

गाठ हा शब्दच वापरू नका. तिच्या ओळखीचा दुसरा शब्द आहे, अवधाण. दुपारची जेवणं झाल्यावर, दादाचा फोन यायच्या आत, जवळ बसा आणि म्हणा: आई, तुझ्या छातीत पाणी व्हायचं ना, त्याने आत अवधाण आलं होतं. डॉक्टरांनी ते काढून तपासलं. आधी त्यांना शंका आली होती, म्हणून आम्ही घाबरलो आणि तुला बोललो नाही. नीट तपासल्यावर कॅन्सर नाही असं निघालं. पुन्हा एकदा मुंबईला दाखवून घेणार आहोत. एवढंच. ‘कॅन्सर’ शब्द टाळू नका, ‘नाही’च्या शेजारी ठेवूनच उच्चारा. ती प्रश्न विचारेल. माहीत असेल ते सांगा, नसेल ते डॉक्टरांना विचारायला कागदावर लिहून घ्या. ती रडली तर रडू द्या.

आणि मग तिच्या गोळीचा हिशेब तिच्याच हातात द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी घेतली की खूण, आयएनआर केला की आकडा. एकदा हे तिचं काम झालं की ती तुमच्यापेक्षा चोख करेल. पावसाळ्यात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला घरात येणारच. पालेभाजी बंद करायची नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा मुळीच नाही असंही नको, कारण त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. दर आठवड्याला साधारण सारखीच राहू द्या. अंग दुखलं म्हणून दुकानातून दुखण्यावरची गोळी आणायची नाही, विचारल्याशिवाय कंबरेत सुई घ्यायची नाही, दात काढायचा झाला तर दातांच्या डॉक्टरांना आधी व्हॉल्व्हचं सांगायचं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या, दादाच्या आणि आत्याच्या मोबाइलमध्ये असू द्या.

चुर्णाचा डबा मात्र फेकू नका. उद्या तपासणीला जाताना तो तसाच, लेबलासकट, पिशवीत घ्या. किती दिवस, किती चमचे घेतलं ते झाकणावर लिहा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.